दादाच्या नावचे मैल

माझे बाबा चिरेखाणीत कामाला होते. त्या काळी जांभ्याचा चिरा हातानंच काढायचे. खाणीत उतरायचं, टिकावानं चर मारायचा, चिरा खालून सोडवायचा आणि तासून चौकोनी करायचा. संध्याकाळी बाबा अंगणात उभे राहून पाय धुवायचे तेव्हा लाल पाणी पार कुंपणाच्या गडग्यापर्यंत ओघळत जायचं. पावसाळ्यात खाण पाण्यानं भरायची आणि काम बंद पडायचं. मग आमचे म्हणावेत असे भातजमिनीचे दोन छोटे कुणगे आणि कातळाच्या कडेला थोडी नाचणी, एवढ्यावर घर. त्यात चार माणसं वर्षभर जेवत नाहीत. श्रावणात घरात पेज असायची आणि तोंडी लावायला सावर्ड्याच्या बाजारातून आणलेली सुकट. सुकट संपली की नुसती पेज. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. होतं तसं सांगतो.

चिरे घासून घासून बाबांच्या अंगठ्यावर रेघा राहिल्या नव्हत्या. कागदावर अंगठा उठवला की शाईचा नुसता गोळा यायचा. आमचा पोस्टमन म्हणायचा, "तात्या, ह्यो अंगठा हाय का बटाटा?" बाबा म्हणायचे, "बटाटा असता तर आयनं कवाच शिजवलान असता."

पाचवीत असताना मला या अंगठ्याची लाज वाटली. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागायची. भटवाडीतल्या मुलांच्या पुस्तकांवर वळणदार सह्या असायच्या. मी बाबांचं नाव स्वतःच लपेटीत लिहिलं आणि पुस्तक देऊन टाकलं. मास्तरांनी ते ओळखलं आणि बाजारात बाबांच्या कानावर घातलं. बाबांनी मला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी खाणीवर खाडा केला, माझ्याबरोबर शाळेत आले, मास्तरांकडे शाईचा पॅड मागितला आणि माझ्या त्या खोट्या सहीशेजारी आपला गोळा उठवला. परतताना वाटेत एवढंच म्हणाले, "माझ्या जागी माझा अंगठा. वाकडा का असंना."

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आठवीतून शाळा सोडून मुंबईला मामाच्या खोलीवर गेला. दोन वर्षं एका कारखान्यात झाडलोट केली, मग कुणाच्या तरी ओळखीनं बोटीवर लागला. इंजिनरूममध्ये पुसापुशी, तेलपाणी असलं काम. पहिल्यांदा घरी आला तेव्हा आईला नायलॉनचं पातळ, बाबांना विजेरी आणि मला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश. माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, "बारक्या, मी काय आता शिकत नाय. तू माझ्या वाटचं पण शीक."

मी शिकलो. रत्नागिरीला खोली घेऊन राहिलो, दादाच्या मनीऑर्डरीवर बी.ए. झालो. आमच्या वाडीतला पहिला पदवीधर मी. ही गोष्ट मी आजही मान वर करून सांगतो. निकालाच्या दिवशी बाबांनी अख्ख्या वाडीत गुळाचे खडे वाटले. पेढ्यांना पैसे नव्हते असं नाही, पण म्हणाले, पेढा मूठभर माणसांना पुरतो.

पुढे रत्नागिरीतच एका सरकारी कचेरीत कारकून झालो. माझं टेबल पेन्शनचं. म्हातारी माणसं हयातीच्या दाखल्यावर सही करायची आणि मी ती जुन्या सहीशी ताडून पाहायचो. वर्षभरात माझी नजर अशी तयार झाली, की कुणाचा हात आजारपणानं थरथरतोय आणि कुणाची सही सुनेनं ठोकलीय, हे मला लांबून कळायचं. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं एका मेलेल्या माणसाच्या नावानं सही होऊ दिली म्हणून तो घरी बसला. हे मी का सांगतोय ते पुढे येईल.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. दादा आता परदेशी कंपनीच्या तेलाच्या बोटीवर होता. बोट मुंबईला लागत नसे. कंपनीच माणसांना विमानानं पाठवायची, मुंबईहून युरोप, तिथून अमेरिका, आणि कधी कधी अमेरिकेतल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदराला. बोटीवरच्या आचाऱ्यानं त्याला सांगितलं, की अमेरिकेतली एक विमान कंपनी, तुम्ही तिच्या विमानात जितके मैल बसाल तितके तुमच्या नावावर लिहून ठेवते, आणि पुरेसे साठले की एक तिकीट फुकट देते. दादानं फॉर्म भरला. बोटीवरच्या माणसाला पत्ता कुठला? त्यानं घरचा दिला. आणि दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या चिरेबंदी जोत्याच्या, कौलारू घरी अमेरिकेतल्या विमान कंपनीची लांब पाकिटं येऊ लागली.

पहिलं पाकीट मी वाचून दाखवलं तो रविवार मला आठवतो. ओटीवर आम्ही तिघं, आणि पोस्टमन मुद्दाम थांबलेला.

"मैल म्हंजे? रस्त्यावर दगड असतात ते?" आईनं विचारलं.

"तेच. विमानाचे."

"आभाळात दगड कशे लावले मेल्यांनी?"

पोस्टमन हसून हसून खोकला. बाबा मात्र गंभीरपणे म्हणाले, "गाडीवाल्याला भाडं देऊन आपण बसायचं, आणि वर त्यो म्हणणार, तुमी माझ्या गाडीत बसलाव, म्हणून आता फुकट बसा. असा कोण धंदा करतो? ह्यात कायतरी मेख हाय."

मेख नाही, मी समजावलं. बी.ए.च्या तोऱ्यात समजावलं. ही जाहिरातीची पद्धत असते, गिऱ्हाईक बांधून ठेवायचं असतं वगैरे. बाबांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं.

दादाचा विचार साधा होता. बोटीवरचा करार दोन वर्षांचा. मधे घरी काही बरंवाईट झालं तर कंपनी सोडते, पण तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. अमेरिकेतून मुंबईचं तिकीट त्याला बापजन्मात परवडलं नसतं. त्याच्या बोटीवरच्या एका माणसाची आई गेली तेव्हा तो रोज इंजिनरूममध्ये उतरायचा, काम करायचा आणि कुणाशी बोलायचा नाही, असं दादानं पत्रात लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, "हे मैल मी मजेला वापरणार नाही. बाबांचं वय झालंय. कधी तार आली तर मला उठून येता यायला हवं." म्हणून तो रजेवर आला तरी त्या मैलांना हात लावायचा नाही. एकदा मी म्हटलं, आईबाबांना दिल्ली दाखव त्यात. तो म्हणाला, "दिल्ली कुठं पळून जात नाय."

गणपतीत मी चार दिवस घरी आलो होतो. त्यातल्या दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जाड पाकीट आलं. आई मोदकांचं सारण ढवळत होती. मी ओटीवर बसून पत्र वाचलं. विमान कंपनी विकली गेली होती. एका मोठ्या कंपनीनं ती आपल्यात मिळवून घेतली होती. पत्राची भाषा अशी गोड, की जणू आपल्याकडे लग्नाचंच बोलावणं. आपले मैल सुरक्षित आहेत, नव्या कंपनीत आपलं स्वागत आहे, सोबतचा फॉर्म भरून, सभासदानं स्वतः सही करून, वर्षअखेरीपर्यंत आमच्याकडे पोचेल असा पाठवावा. आणि खाली बारीक टायपात, न पोचल्यास जुने मैल रद्द समजले जातील.

माझं इंग्रजी चांगलं होतं. बारीक टाईपसुद्धा मी वाचला. पुष्कळ लोक नंतर मला म्हणाले, तुला ते वाचता आलं नसेल. तसं नाही. मला सगळं नीट कळलं होतं.

"मग भर की फारम," आई आतून म्हणाली.

"दादाची सही हवी."

"मग कर सही. तुला काय दादाची सही येत नाय?"

येत होती. दादाची सही म्हणजे काय, आठवीतल्या मुलानं काढावं तसं पहिलं अक्षर मोठं आणि पुढं एक शेपूट. डोळे मिटून आली असती.

"आई, दुसऱ्याची सही करणं गुन्हा आहे. मी रोज हेच पकडतो कचेरीत."

"अरे अमेरिकेत कोण बगायला येतोय? आनि दुसऱ्याची कशी? भाऊस हाय ना तुझा?"

मी बाबांकडे पाहिलं. ते पाटावरच्या गणपतीपुढची समई सारखी करत होते. न वळता म्हणाले, "ज्याची त्येला करू दे."

आता खरं सांगतो. मी नाही म्हटलं त्यात तत्त्व अर्धं होतं आणि भीती अर्धी. घरी बसलेला तो कारकून माझ्या डोळ्यांपुढे होता. आणि थोडी ऐटही होती, की शिकलेल्या माणसानं कसं वागावं हे मी घराला दाखवून देतोय. चार महिने हातात होते. मी फॉर्मचा बाकी सगळा मजकूर सुवाच्य अक्षरात भरला, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारली आणि रत्नागिरीला आल्या आल्या मुंबईच्या बोट कचेरीच्या पत्त्यावर रजिस्टर केला. ते लोक बोटीवरच्या माणसांची पत्रं गोळा करून पुढच्या बंदराला पाठवायचे. आतापर्यंतची सगळी पत्रं तशीच पोचली होती, महिन्या-दीड महिन्यात.

त्या वेळी बोट वळली. कुठल्या तरी दुसऱ्या मालासाठी तिला दक्षिणेकडे धाडलं, आणि पत्रांचं गाठोडं उत्तरेच्या बंदरात जाऊन पडलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी तर ते काम झालं असंच धरून चाललो होतो. दिवाळी झाली, वर्ष संपलं, विमान कंपनीची पाकिटं यायची थांबली तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. वाटलं, नवी कंपनी, नवी घडी बसायला वेळ लागत असेल.

शिमग्याला मी घरी गेलो तेव्हा बाबा पालखी नाचवायला उठले नाहीत. दरवर्षी पालखी आमच्या अंगणात आली की ते खांदा द्यायचे. त्या वर्षी ओटीवर बसून हात जोडले. पोटात गाठ होती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पावसाळा बघतील असं वाटत नाही. घरी न्या. काय खावंसं वाटेल ते द्या."

मी त्याच दिवशी मुंबईला बोट कचेरीत फोन लावला आणि त्यांनी बोटीवर बिनतारी निरोप पाठवला. मला फार दुःख होतं, पण काळजी नव्हती. याच दिवसासाठी तर दादानं मैल साठवले होते. घरी आलो आणि बाबांना सांगितलं, "दादाला कळवलंय. येईल तो. विमानानं येईल."

बाबांनी विचारलं, "फुकट?"

"फुकट."

"मग मेख न्हवती म्हणायची," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

आठवड्यानं कचेरीत साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी मला हाक मारली, फोन दिला आणि स्वतः उठून व्हरांड्यात गेले. खरखर चालली होती.

"बारक्या?"

"दादा! कुठून बोलतोस?"

"बंदरातनं. ऐक, नाणी संपतील. कप्तान सोडायला तयार हाय. बोट तीन दिवस इथं. तिकीट माझं मी काढायचं. मी त्या विमानवाल्यांना फोन केला. ती बाई म्हणते तुमच्या नावावर कायच नाय. एक फॉर्म यायचा होता, तो आलाच नाय, म्हणून मैल गेले. फॉर्म घरी आला होता?"

"आला होता."

"मग?"

"तुझी सही हवी होती. मी तुझ्याकडे पाठवला. रजिस्टर पोस्टानं."

पलीकडे नाणं पडल्याचा आवाज आला.

"सहीसाठी?"

"हो."

"अरे," दादा म्हणाला, "तू करायचीस ना."

आवाज चढला नव्हता. एखादी शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर त्यानंच विचारलं, "बाबा काय खातात?"

"पेज. ती पण दोन चमचे."

"त्यांना सांग, मी..."

फोन तुटला. काय सांगायचं होतं ते मी त्याला पुढे कधी विचारलं नाही.

तीन दिवस मी वेड्यासारखा धावलो. साहेबांनी, सोबत्यांनी जमेल ते हातावर ठेवलं. पण इथून रुपये भरून परदेशातल्या माणसाला तिकीट पाठवायचं तर परदेशी चलनासाठी सरकारची परवानगी लागायची. मी रात्रीची एस.टी. धरून मुंबईला गेलो, अर्ज दिला. खिडकीवरच्या माणसानं कागद उलटापालटा केला आणि म्हणाला, "आठ दिवस लागतील." मीसुद्धा माझ्या टेबलावरून लोकांना असंच सांगत असे. बोट सुटली. दादा तिच्यावर होता.

घरी सांगणं मला भाग होतं. आई चुलीपाशी होती. मी सगळं सांगितलं. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली, "सहीच करायची हुती. रगत न्हवतं द्यायचं."

"आई..."

"येवडं शिकलास. शिकून भावाचं नाव लिवता आलं न्हाय तुला."

बाबा ओटीवर अंथरुणात होते. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. आतल्या बाजूला मान वळवून ते म्हणाले, "त्येला बोलू नको. त्येनी काय चोरी केलान नाय."

त्यांच्या त्या एका वाक्यानं माझा जीव थोडा खाली पडला. पण त्याच दुपारी मी त्यांना कुशीवर वळवत होतो, तेव्हा ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "मग आता थोरला नाय येत?"

मी म्हटलं, "बोट लांब गेली, बाबा."

"व्हय," ते म्हणाले. "लांब असंल."

त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण अंथरूण ओटीच्या टोकाला घ्यायला लावलं. तिथून पाखाडीच्या दगडी पायऱ्या दिसतात, खालून वर येणारा माणूस दिसतो. कुणीही येताना दिसलं की ते कोपरावर उठायचा प्रयत्न करायचे. एकदा पोस्टमनच येत होता. तो जवळ आला, बाबांचा चेहरा पाहिला, आणि एवढा बोलका माणूस, पण पत्र देऊन पाठमोरा झाला. मी रजा काढून घरीच होतो. हे सगळं मी पाहत होतो. वैशाखात, आंबे उतरत असताना, एका सकाळी बाबा गेले.

दादाला बिनतारीनं कळवलं. त्यानं नंतर पत्रात लिहिलं, की बोटीवर आचाऱ्याकडून डोकं भादरून घेतलं, डेकवर उभं राहून समुद्रात पाणी सोडलं, आणि त्या दिवशी त्याच्या जेवणाच्या टेबलावरच्या कुणी, मुसलमान, ख्रिस्ती, कुणीच मासळी खाल्ली नाही. "बाबांना उचलायला मी नव्हतो," एवढं एकच वाक्य स्वतःबद्दल होतं. मला उद्देशून काही नव्हतं.

अग्नी मीच दिला. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. बाबांना आवडायची म्हणून नाचणीची भाकरी आणि सुकटही पानावर ठेवली होती. कावळे समोरच्या ऐनाच्या झाडावर बसलेले, पण खाली उतरेनात. ऊन चढलं. चुलते म्हणाले, आईला संभाळीन म्हण. मी म्हटलं. घर पडू देणार नाही म्हण. तेही म्हटलं. कावळा हलला नाही. आमच्यात अशा वेळी राहिलेली इच्छा ओळखून तसा शब्द द्यायचा असतो, आणि ती इच्छा काय हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेवटी चुलतेच हळू आवाजात म्हणाले, "थोरल्याला घेऊन येईन म्हण, बाबा. त्याच तिकिटानं आणीन म्हण."

दादाच्या नावानं शब्द मी कसा देणार? त्या क्षणीही हा विचार माझ्या डोक्यात आला, हे मला आज लिहिताना लाजिरवाणं वाटतं. मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं, "बाबा, दादाला आणीन. त्याच तिकिटानं आणीन."

तरीही कावळा आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही अंघोळी करून घरी परतलो. आई दारातच होती. तिनं चुलत्यांना विचारलं, "शिवला?" चुलते म्हणाले, "शिवला." मी त्यांचं बोलणं खोडलं नाही.

महिन्याभरानं दादाचं एक पाकीट आलं. आत माझंच रजिस्टर पाकीट होतं, त्यावर चार बंदरांचे शिक्के, आणि आत तो फॉर्म. पेन्सिलीच्या फुलीवर दादाची सही. सोबत चिठ्ठी, "हे मला आत्ता मिळालं. सही केली आहे. आता उपयोग नाही, पण तू सांगितलंस म्हणून केली."

ती चिठ्ठी वाचून मी कचेरीच्या मागे, जिथे जुनी कपाटं टाकलेली असतात तिथे जाऊन रडलो. मग तोंड धुतलं आणि साहेबांकडे टाईपरायटर वापरायची परवानगी मागितली, कचेरी सुटल्यावर अर्धा तास. कागद माझा, फीत कचेरीची. साहेब म्हणाले, "फितीचा पण हिशेब देणार का?" मी म्हटलं, "मागितलात तर देईन." ते म्हणाले, "टाईप कर, बाबा."

पहिलं पत्र मी कॉलेजात शिकवलं होतं तसं लिहिलं, आदरणीय महोदय, सविनय निवेदन. छापील उत्तर आलं, दिलगीर आहोत. दुसऱ्याला तेच छापील उत्तर, तिसऱ्यालाही तेच. चौथ्याला उत्तरच नाही, पुढच्या पाचांनाही नाही. मी नव्या कंपनीच्या मुंबईतल्या कचेरीत गेलो. तिथल्या टाय लावलेल्या माणसानं मला विचारलं, "मैल तुमचे आहेत का?" मी म्हटलं, "माझ्या भावाचे." तो म्हणाला, "मग भावाला पाठवा." मी म्हटलं, "त्याला आणायलाच तर हवेत." त्यानं माझे कागद परत सरकवले. काम झालं नाही ते नाहीच.

घरी आई माझ्याशी कामापुरतं बोलत होती. दर रविवारी मी गेलो की ताट वाढायची आणि आत जायची. मी विमान कंपनीला लिहितोय हे तिला माहीत होतं. एकदा म्हणाली, "कागद लिवून मानूस परत येत असता तर..." आणि भांडी घेऊन मागच्या दारी गेली.

दहावं पत्र मी वेगळं लिहिलं. महोदय-बिहोदय काढून टाकलं. मराठीत मनाशी बोलावं तसं साध्या इंग्रजीत लिहिलं. माझा भाऊ समुद्रावर होता. तुमचा फॉर्म आमच्या गावी आला. त्याची सही मला येते, सोबत करून दाखवतो आहे, पाहा, तुमच्याकडच्या सहीशी ताडून पाहा, तुम्हाला फरक कळणार नाही. मी ती तेव्हा केली असती तर तुम्ही मैल दिले असते, माझा भाऊ आला असता आणि माझ्या वडिलांना तो दिसला असता. मी केली नाही, कारण तुमच्या पत्रात सभासदानं स्वतः करावी असं लिहिलं होतं. मी तुमचा नियम पाळला, त्याची ही शिक्षा आहे का, एवढंच कळवावं. सोबत त्या रजिस्टर पाकिटाच्या दोन्ही बाजूंच्या नकला जोडल्या, शिक्क्यांसकट.

त्याला दोन महिने उत्तर नाही. मग मी अकरावं पाठवलं, दोन ओळींचं. दहावं पत्र मिळालं का?

उत्तर आलं ते छापील नव्हतं. खाली निळ्या शाईत एका बाईची सही होती, आणि माझी नजर सवयीनं आधी सहीवरच गेली. सही खरी होती, घाईत केलेली. बाईंनी लिहिलं होतं, की हा अपवाद म्हणून करत आहोत, मैल पुन्हा नावावर घातले आहेत, सभासदानं आमच्या कोणत्याही कचेरीत ओळख दाखवून तिकीट घ्यावं. आणि शेवटी, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं.

दादाचा करार जानेवारीत मधेच तोडायला त्या कप्तानानं परवानगी दिली, तिकीट त्याचं त्यानं काढायचं या अटीवरच. मी मुंबईला विमानतळावर गेलो नाही. मला जमलं नाही. मी रत्नागिरीहून घरी आलो आणि आईबरोबर ओटीवर बसलो. दुपारी पाखाडीवरून दादा वर आला. बॅग खाली ठेवून आधी त्यानं आईला धरलं. ती रडली तशी मी तिला बाबांच्या वेळीही पाहिली नव्हती. मग तो माझ्याकडे वळला. मी काहीतरी बोलू लागलो, तर त्यानं माझ्या मानेला हात घालून मला हलवलं आणि म्हणाला, "पुरे. बाबांना कुठं निजवलं होतंत?"

मी जागा दाखवली. दादा बूट काढून तिथे आडवा झाला, हात उशाला घेऊन, पाखाडीकडे तोंड करून. आईनं त्याच्या अंगावर चादर टाकली. संध्याकाळी आईनं भात आणि कुळथाची पिठी वाढली, दोघांना शेजारी शेजारी, आणि मला म्हणाली, "बारक्या, पिठी अजून घे." जवळजवळ वर्षानं तिनं मला आग्रह केला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नदीवर गेलो आणि दादानं बाबांना आपल्या हातानं पाणी दिलं.

कंपनी विकली गेल्यावर रद्द झालेले दादाचे सगळे मैल अकरा पत्रांनंतर परत मिळाले, आणि त्याच तिकिटावर तो घरी आला. बाबांना जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते.